बहिऱ्या यानाचं व्याख्यान

एकोणीसशे एकोणनव्वदच्या गणपतीत मालगुंडच्या एका मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. मी रत्नागिरीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. अमेरिकेचं एक यान नुकतंच नेपच्यूनजवळून पुढे गेलं होतं, त्याची हकिकत लोकांना ऐकायची होती. नवरा मुंबईला नोकरीत, म्हणून सोबतीला मामंजी आले.

मामंजींची सगळी हयात बोटीच्या इंजिनात गेलेली. निवृत्तीनंतर ते फारसं बोलत नसत. माझ्याशी तर ‘पाणी तापलंय’ आणि ‘एस्टी आली’ एवढंच.

नेपच्यूनच्या निळ्या रंगावर मी चांगलं घोकून गेले होते. पण यानाला निघून बारा वर्षं झाली एवढं सांगते न सांगते तोच पुढे बसलेल्या, मासेमारीच्या बोटीवरच्या एका तांडेलाने विचारलं, “बाई, इतक्या वर्षांचं यंत्र. मधेच बिघडलं तर कोण जातं?”

“कोणीच नाही. इथूनच सांभाळायचं.”

मग मला कोणी नेपच्यूनकडे जाऊच देईना. मी सांगितलं, यानावर ऐकायची दोन यंत्रं होती. एक पार बंद पडलं. दुसऱ्याला नेमक्या एकाच लहरीवरची हाक ऐकू येते, आणि यान थोडं तापलं-निवलं की ती लहरही बदलते.

“रेडिओचं स्टेशन सरकतं तसं?” एका बाईने विचारलं.

“तसंच. फक्त इथे रेडिओ सरकतो, आणि स्टेशनाला त्याच्यामागे जावं लागतं. हाक पोचायलाच चार तास. चुकली तर पुन्हा हाक.”

शनीजवळून गेल्यावर कॅमेऱ्यांची फिरती बैठक अडकली होती, तेही सांगितलं. पुढे वंगण, दातेरी चाकं यांबद्दल सांगताना सगळे इंग्रजी शब्दच तोंडात यायला लागले. मी मामंजींकडे वळले.

“मामंजी, चाकांच्या दातांतलं वंगण गेलं आणि फिरणं अडकलं, तर बोटीवर काय करायचात?”

ते टोपी सारखी करत उभे राहिले. “जोर नाय करायचा. तापू द्यायचं, निवू द्यायचं. जरा पुढे, जरा मागे, असं हलवत ऱ्हायचं.”

“तिकडेही तेच केलं,” मी म्हटलं. “बैठक सुटली. त्यानंतर ती भराभर फिरवणं बंद केलं.”

“बरं केलनी. जुन्या यंत्राला घाई सोसत नाय.”

पुढे लोक आम्हा दोघांनाही विचारत राहिले. आरतीची वेळ झाली आणि निळा रंग राहूनच गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

परतताना एस्टीत मामंजींनीच विषय काढला. “ऊन पोचत नसेल तिथे. मग वीज कसली?”

किरणोत्सारी धातूच्या उष्णतेवर ती तयार होते, दरवर्षी थोडी कमी होते, म्हणून एकेक उपकरण बंद करत जाणार, आधी कॅमेरे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रत्नागिरी येईपर्यंत विचारतच राहिले.

सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. “सूनबाई, कॅमेरे बंद केल्यावर ते यान तिथनं कळवणार काय?”

मी दोन कप चहा ओतला, पाट पुढे सरकवला आणि सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांबद्दल सांगायला बसले.