पहिल्या गिअरवर

सत्तर सालच्या आसपास मुलुंडच्या आमच्या गल्लीत एकच मोटार होती, शेजारच्या बाईंची. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. रविवारी पदर खोचून गाडीखाली शिरायच्या आणि तिथूनच सगळ्यांशी गप्पा मारायच्या. आम्हाला फक्त त्यांची पावलं दिसायची. "अरे, मेकॅनिककडे धावण्याआधी स्वतः एकदा वाकून बघावं," असं ती पावलं सांगायची.

माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा टॅक्सी मिळेना. बाईंनीच आम्हाला गाडीत बसवलं. टेकडीच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं आणि गाडी थांबेचना. मी दाराची कडी घट्ट धरली. बाईंनी मात्र एकेक गिअर खाली आणला, हळूहळू हँडब्रेक ओढला. इंजिन किंचाळलं, पण वेग मोडला.

"पोरी, श्वास घे मोठा," त्या मागे न बघता म्हणाल्या. मग तशाच, पहिल्या गिअरवर, हॉर्न वाजवत त्यांनी आम्हाला हॉस्पिटलच्या दारात नेलं.

दुपारी मुलगी झाली. मी धावत खाली आलो. बाई ब्रेकची गळकी नळी सोडवत होत्या. बातमी ऐकताच काळेकुट्ट हात घेऊन गाडीखालून बाहेर आल्या.

"साबण कुठे मिळेल रे?" त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच कापला. "या हातांनी बाळाला घेऊ कशी?"