डोळे बांधलेले, डाव चालू

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्याला झालं, तेव्हा मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. सत्तरच्या दशकात अशा ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून निपचित पडून राहावं लागे. मान हलवायची नाही, खोकायचं तेही जपून. मंगरूळपीरच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा होता. तिथल्या घराच्या ओसरीत, खाटेवर बाबा पडून असत.

त्याच वर्षी विहिरीवर मोटार बसली होती आणि मोट बंद पडली होती. बाबांचा वेळ जावा म्हणून काकांनी ट्रान्झिस्टर आणून त्यांच्या उशाशी ठेवला. बाबांनी तो थोडे दिवस ऐकला.

मग एका सकाळी मला म्हणाले, "बंद कर वं त्याले. सारं तोच बोलून राह्यला. माह्या डोक्याले कामच नाई. असा पडून राह्यलो तं गंजून जाईन."

त्यांनी आईला बुद्धिबळाचा पट काढायला सांगितला. बाबा पारावर खेळून तयार झालेले. आईला मोहरे कसे चालतात एवढंच ठाऊक.

"मले कुठं येते?" आई म्हणाली.

"मी सांगतो तसे माहे मोहरे हलव. तुहे तू तुह्या मनानं खेळ."

पण पहिल्याच डावात गाडं अडलं. "या घरात", "त्या घरात" म्हणून डोळे बांधलेल्या माणसाला काय कळणार? आई दिवसभर विचारात होती. संध्याकाळी मळ्यातून आली ती तोडगा घेऊनच.

"अवो, पटाच्या उभ्या पट्ट्या म्हंजे आपल्या सऱ्या समजा. बांधाकडून पयली वांग्याची, मंग मिरची, मंग भेंडी, मंग कांदा, अशा करत आठवी, शेवटची सांबाराची. घरं तुमच्याकडून मोजत जायची."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बाबा लगेच म्हणाले, "माहा घोडा मिरचीतून भेंडीच्या तिसऱ्या घरात."

त्या दिवसापासून डाव खरा सुरू झाला. आई हरायची, पुन्हा पट मांडायची. हळूहळू तिला हरायला वेळ लागू लागला.

एका दुपारी ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि बाबांना ओरडून चाल सांगत होती. मी सहज कोनाड्याकडे पाहिलं. पट तिथे मोहऱ्यांसकट बांधून ठेवलेला होता! म्हणजे डाव आता आईच्याही नुसत्या डोक्यातच चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी पट माझ्यापुढे मांडला आणि त्यांच्या चालींप्रमाणे मोहरे सरकवू लागले. खाटेवर डोळे बांधलेले बाबा, आत पिठाने हात भरलेली आई. चालीमागून चाल. मी मध्येच म्हणाले, "बाबा, तिथं आईचं प्यादं आहे."

"ते मघाच मेलं!" दोघं एकदम म्हणाले.

मी उचलायलाच विसरले होते. त्यानंतर मी नुसते मोहरे सरकवत राहिले. कुठेच नसलेली एक गोष्ट दोन माणसं एकाच वेळी, इतकी लख्ख पाहत होती. त्यांच्यासमोर मोठा आवाजही करू नये असं वाटत होतं.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "वजीर कांद्याच्या दुसऱ्या घरात. शह."

बाहेर मोटारीची घरघर तेवढी चालू होती. मला वाटलं, बाबांना झोप लागली. मग मान न हलवता, ओठांतल्या ओठांत ते हसू लागले.

"मात हाय वं. दिसून राह्यली मले."

आई हात पुसत बाहेर आली. माझ्यापुढच्या पटाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खाटेच्या काठावर बसली आणि बाबांना विचारू लागली, कोणत्या चालीवर त्यांचं चुकलं. दोघांनी तो डाव तोंडानेच पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला.