मालुबाईंचा बीम आणि बारा फुटी फळी

बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि खडूनं हजारो पिंपं ट्रकमध्ये चढवली. खरं पिंप एकदाही नाही. त्यामुळे वडगावातल्या आमच्या गल्लीतल्या मालुबाई मुलीची, दिपालीची, कॉलेजची वही घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी जरा गडबडलोच.

"सर, ह्या गणितातला हमाल कलत्या फळीवरनं पिंप चढवतोय. माझा बीम चढंल काय तसा?"

बीम म्हणजे साडीचे सगळे उभे धागे गुंडाळलेला रूळ, नव्वद किलोचा. नवरा गेल्यापासून मालुबाई एकट्याच माग चालवतात. शिक्षण सातवी, पण नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड ओळखतात. अडायचं ते फक्त बीम चढवताना. दीर परशरामला निरोप धाडायचा आणि तो येईपर्यंत दोन-दोन दिवस माग बंद. गेल्या खेपेला त्यानं बजावलं होतं, "वैनी, हा शेवटचा. पुढचा तुमचा तुमास्नी चढला न्हाय, तर मागाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं द्या."

पुढचा बीम उद्या येणार होता.

मी हुरूपानं गणित मांडलं. उंची अडीच फूट, फळी बारा फूट. नव्वद गुणिले अडीच, भागिले बारा. जेमतेम एकोणीस किलोचा जोर! घर्षणाचे वर चार-पाच धरले तरी दोघी मायलेकींना सहज.

मालुबाईंनी उत्तराकडे बघितलंसुद्धा नाही. "मागाच्या मागं सा फूट जागा हाय, सर. फळी ठेवू कुठं?"

खोली केवढी, हे मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. मी फळी सहा फुटांची केली, तर जोर दुप्पट झाला. दिपालीचं तोंड उतरलं. मालुबाई मात्र हसल्या.

"शटर उघडलं की गल्ली आपलीच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बारा फुटी फळ्या गल्लीतून थेट मागापर्यंत लागल्या. स्कूटरवाले खोळंबले, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. मायलेकी बीम ढकलत होत्या, मी मागून पाचर सरकवत होतो आणि घाम मलाच फुटला होता. चार मिनिटांत बीम जागेवर बसला. दिपाली रडायलाच लागली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी पोरासारख्या.

तेवढ्यात परशराम आला. "चार मिनिटं? आमी बापलेक एका दमात चढवतो!"

मी सवयीनं शक्ती काढली. केलेलं काम भागिले लागलेला वेळ. तीन वॅटसुद्धा भरेना.

"तीन वॅट!" परशराम खिदळला. "झिरोचा बल्बबी पेटायचा न्हाय!"

"सर, येळानंच भागायचं न्हवं?" मालुबाई म्हणाल्या. "मग भावजींचा येळ निरोप धाडल्यापासनं धरा. दोन दिवस."

मी शटरशेजारच्या भिंतीवर खडूनं भागाकार केला. पॉइंटपुढं दोन शून्यं, मग चार. गल्ली खो खो हसली. परशरामनं आकडा दोनदा वाचला आणि फळीचं एक टोक धरून ती बाजूला ठेवू लागला.

मालुबाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि धागे जोडायला बसल्या.