मंडळाचा हेडफोन

मला आवाजाची दिशा कळते. यात विशेष काही नाही. आमच्या माण तालुक्यात ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्या सगळ्यांनाच कळते. कळप टेकाडापलीकडे गेला की म्होरक्याच्या गळ्यातली घंटा कुठून वाजते यावरून तो ओढ्यात उतरलाय की कुणाच्या ज्वारीकडे वळलाय हे ओळखायचं, आणि ज्वारीकडे वळला असेल तर पळायचं. सांगलीला कॉलेजात आल्यावर हे मी कोणाला सांगितलं नाही. तिथे वर्गात उत्तर आलं नाही की "मेंढरं राखायला जा" म्हणायची पद्धत होती. घरचा व्यवसाय विचारला की मी "शेती" म्हणायचो.

हॉस्टेलच्या मागे एक गेमिंग कॅफे होता. आमच्या कॉलेजातले काहीजण तिथे बंदुकांचा एक गेम खेळायचे, एका बाजूला पाचजण आणि समोर पाचजण. मी पाठीमागे उभा राहून बघायचो. एकदा त्यांच्यातला एकजण आला नाही, म्हणून मला बसवलं. खेळायला मला फारसं येत नव्हतं. पण कानात माझे साधे इअरफोन होते, म्हसवडच्या बाजारात घेतलेले, आणि त्यात समोरच्या खेळाडूंची पावलं ऐकू येत होती.

"वरच्या मजल्यावर, डाव्या अंगाला," मी हळूच म्हणालो. "एकटाच हाय."

तो तिथेच होता. पुढच्या वेळीही होता. मग टीमच्या प्रमुखाने खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं.

"कसं कळतंय रं तुला?"

"पावलं वाजत्यात की."

"आमाला न्हाई वाजत."

त्या दिवसापासून ती खुर्ची माझी झाली. वर्गात माझ्यासाठी कोणी जागा धरत नसे. इथे मला यायला उशीर झाला तर दुसऱ्या कोणाला तिथे बसू देत नसत. मी या गोष्टीला किती जपत होतो, हे त्यांना कळलं असतं तर ते हसले असते.

टीमचा प्रमुख तासगावकडचा, शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या घरी द्राक्षबाग होती आणि मिरवणुकांना भाड्याने जाणारी साउंड सिस्टीम होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीसारखी रचलेली ती सिस्टीम निघाली की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, असं तो अभिमानाने सांगायचा. त्यामुळे टीम कशी चालवायची हेही त्याला एकाच पद्धतीने माहीत होतं, तरुण मंडळासारखी. एकही स्पर्धा खेळायच्या आधी आमचा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार अशी पदं होती. अध्यक्ष अर्थात तोच, आणि तेव्हापासून सगळे त्याला अहोजाहो करू लागले. पाचवा मी. मला सल्लागार केलं. सल्लागाराला काही विचारायचं नसतं, हे मला नंतर कळलं.

साताऱ्याला कॉलेजांची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा अध्यक्षांनी चहाच्या टपरीवर बैठक घेतली. स्पर्धेत कॉम्प्युटर आयोजकांचे, हेडफोन आपापले. आमच्याकडे होते ते सगळे जुने, कोणाचा पट्टा चिकटपट्टीने जोडलेला. प्रत्येकाने साधा पण धड घ्यावा, असं मला वाटत होतं. पण मंडळात प्रत्येकाने काही घ्यायचं नसतं. मंडळाने घ्यायचं असतं. ठरलं ते असं की वर्गणी काढून एकच घ्यायचा, पण असा घ्यायचा की बघणाऱ्यांनी बघत राहावं.

"बेस पायजे," अध्यक्ष म्हणाले. "छातीत धडधडलं पायजे."

"बेस न्हाई तर काय मजाच न्हाई," उपाध्यक्ष म्हणाला. हा मिरजेचा. त्याच्या घरी तीन पिढ्या तंबोरे बनवतात. त्याचे चुलते तार जुळवताना शेजारच्या खोलीत कोणी भांडं आपटलं तर काम थांबवतात. त्या घरातून हा आमच्याकडे आला होता, बेस मागायला.

"मला वाटतं," मी म्हणालो, "बेस जास्त असला तर पावलं…"

"पावलं येतील रं. बेसमधनं अजून मोठी येतील."

मी चहा संपवला.

दुकानात आम्ही पाचही जण गेलो. दुकानदाराने आमच्याकडे एकदा बघितलं आणि साधा माल काढलाच नाही. सरळ वरच्या फळीवरचा मोठा खोका काढला. त्यावर ड्रॅगन होता आणि सात पॉइंट एक असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ मी विचारला.

"सात बाजूंनी आवाज येतो," दुकानदार म्हणाला.

"आणि पॉइंट एक?"

"तो बेस."

अध्यक्षांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनीच हे आधी सांगितलं होतं.

हेडफोन तपासायची रीत अशी होती: अध्यक्षांनी फोनवर मिरवणुकीतलं गाणं लावलं, हेडफोन डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि मान हलवायला सुरुवात केली. मग उपाध्यक्षाने डोळे मिटले. मग बाकीच्या दोघांनी. माझी पाळी आली तेव्हा मी दुकानदाराला विचारलं की गेमचा आवाज लावता येईल का, म्हणजे कोणीतरी चालतंय असा.

"चालल्याचा आवाज?" तो म्हणाला. "तो कोण ऐकतं?"

काउंटरच्या कोपऱ्यात एक काळा, साधा हेडफोन पडला होता, कॉम्प्युटर क्लासमध्ये असतो तसा. कोणाचं लक्ष नाही बघून मी तो लावून बघितला. तेच गाणं त्यात अगदीच वेगळं वाटलं. ढोल मागे गेला आणि गाणारा कडव्याआधी श्वास घेतो तेही ऐकू आलं. मी तो अध्यक्षांना दिला. त्यांनी दोन क्षण ऐकून परत केला.

"हे कोरडं वाजतंय. बँकेत बसल्यासारखं."

मोठ्या हेडफोनला दोन्ही कानांवर दिवे होते, लाल, मग हिरवे, मग जांभळे. मी धीर करून विचारलं, "आवं, पण हे घालणाऱ्याला कसं दिसणार?"

"समोरच्याला दिसतंय की," दुकानदार म्हणाला.

तिथेच खरेदी झाली.

खंडेनवमीला कॅफेच्या मालकाने कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले तेव्हा आम्ही हेडफोनही पूजेला ठेवला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. अध्यक्षांनी तो डोक्यावर घालून फोटो काढला, मग बाकीच्यांनी काढले. स्पर्धेत तो कोण घालणार हे कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं अध्यक्षच. पण अध्यक्षांनी तो सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर ठेवला.

"ऐकणारा तू हायेस. मान तुजा."

मला आयुष्यात असा मान कोणी दिला नव्हता. मी खाली वाकून पायच धरणार होतो, कसाबसा थांबलो. मग सराव सुरू झाला आणि मला काहीच ऐकू येईना.

म्हणजे सगळं ऐकू येत होतं. लांब कुठेतरी गोळी सुटली की माझ्या जबड्यात हादरा बसायचा. बॉम्ब पडला की दाढा दुखायच्या. या सगळ्याखाली पावलं कुठेतरी होती, मिरवणुकीत कोणीतरी हाक मारावी तशी. सात बाजूंनी आवाज येत होता म्हणून कुठल्याच बाजूने येत नव्हता. मी अंदाजाने सांगू लागलो. अंदाज बरोबर आला की सगळे म्हणायचे, "हेडफोनचा गुण हाय." चुकला की म्हणायचे, "तुजं लक्ष न्हाई." बोललो तर मंडळाच्या वस्तूचा अपमान. न बोललो तर पुढच्या वर्षी ती खुर्ची दुसऱ्या कोणाची. मी बोललो नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांना, आबांना, हे सांगायचा प्रयत्न केला.

"कानात घालून काय ऐकायचं म्हणतोस?"

"पावलं."

"कुणाची?"

"दुश्मनाची. कुठनं येतोय ते सांगायचं."

"आन् मग?"

"मग बाकीचे त्याला गोळी घालत्यात."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "कालेजात?"

साताऱ्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आमच्यासमोर पाचगणीला शाळा शिकून आलेली मुलं होती. आपसांत इंग्रजी बोलत होती. त्यांचे हेडफोन काळे, बारीक, एकालाही दिवा नाही. अध्यक्षांना त्यांची दया आली.

"गरिबाची दिसत्यात पोरं," ते माझ्या कानाशी म्हणाले. हेडफोनमुळे त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.

सामना सुरू झाला. मी म्हणालो डावीकडून, ते उजवीकडून आले. मी म्हणालो खाली, ते वरून आले. एकदा मी खात्रीने सांगितलं की मागे कोणी नाही, आणि मागून आलेल्याने आमच्या चौघांना एकापाठोपाठ एक मारलं. मध्यंतर झालं तेव्हा गुणफलकावर आमच्या बाजूला जवळजवळ काहीच नव्हतं.

"तुज्या कानाला काय झालंय रं?" अध्यक्ष म्हणाले. उपाध्यक्ष माझ्याकडे बघतच नव्हता. बाकीचे दोघे हळू आवाजात काहीतरी बोलत होते आणि मला ते ऐकू येत नव्हतं, कारण हेडफोन अजून माझ्या डोक्यावर होता.

मी तो काढला. हातात घेतला तर दिवे लाल झाले, हिरवे झाले. खरं सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. पण मंडळात काय चालतं हे मला आता कळत होतं.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "पहिल्या आरतीचा मान कुणाचा असतो?"

"अध्यक्षाचा."

"मग नारळ फोडल्याली वस्तू सल्लागाराच्या डोस्क्यावर बरी न्हाई. म्हणून यश न्हाई. हे तुमी घाला."

माझ्या तोंडून हे कसं आलं मला माहीत नाही. पण असं काही सांगितलं की आमच्यात लगेच पटतं. अध्यक्ष गंभीर झाले. उपाध्यक्षाने मान हलवली. "बराबर बोलतोय. चूक झाली आपली."

अध्यक्षांनी हेडफोन दोन्ही हातांनी घेतला आणि डोक्यावर चढवला. मी खिशातून माझे इअरफोन काढले, रबर कानात घट्ट बसवलं. हॉलमधला गोंगाट लांब गेला. मग पहिल्यांदा, किती दिवसांनी, पलीकडे कोणीतरी लाकडी जिन्यावर पाय ठेवला.

"उजव्या अंगाचा जिना. दोघं हायेत. दुसरा थांबलाय."

ते दोघे होते. दुसरा थांबलेला होता.

त्यानंतर आम्ही एकामागून एक डाव जिंकत गेलो. शेवटी हरलोच, कारण आधी फार गमावलं होतं. पण समोरच्यांपैकी एकजण उठून आला आणि त्याने मोडक्या मराठीत विचारलं, "तुमचा ऐकणारा कोण आहे?" अध्यक्षांनी स्वतःच्या डोक्यावरच्या दिव्यांकडे बोट केलं.

परतीच्या एसटीत उपाध्यक्ष सगळ्यांना समजावून सांगत होता की हेडफोन योग्य माणसाच्या डोक्यावर आला आणि खेळ फिरला, पुढच्या वर्षी पहिल्यापासून तसंच करायचं. मी खिडकीजवळ बसलो होतो. पुढच्या वर्षी या सगळ्यात मी कुठे असेन, हे कोणी बोलत नव्हतं आणि मी विचारत नव्हतो.

कराड मागे पडलं तेव्हा अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसले. हेडफोन गळ्यात होता, त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती.

"गड्या," ते हळू आवाजात म्हणाले, "तुजं ते कानातलं कुठनं घेतलंस?"

"म्हसवडच्या बाजारात."

"बेस हाय का त्यात?"

"न्हाई."

"मग नगं." त्यांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "पर पुढच्या वर्षी मी हाय का न्हाई कुणास ठाऊक. ह्यास्नी सांगून ठेवतो. अध्यक्ष कुणीबी होऊ दे. हेडफोन त्यानं घालायचा आन् ऐकायचं तू."