मागे आलेला घोडा

टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या या गृहस्थांना तिथली मंडळी सवडशास्त्री म्हणत. तारेतला बिघाड शोधायला बसले की जेवणाची वेळ टळायची, पण बिघाड सापडल्याशिवाय राहायचा नाही. बुद्धिबळाच्या पटावरही तीच तऱ्हा. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की हे लग्नाला हो म्हणाले तेसुद्धा समोरच्यांनी आशा सोडल्यावर.

निवृत्तीनंतर त्यांनी संगणकाला बुद्धिबळ शिकवायचा नाद लावून घेतला. त्याच सुमारास एकुलती एक लेक नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेली. दर बुधवारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत बापलेक इंटरनेटवर एक डाव खेळत. बोलणं फारसं नसे, डाव हेच बोलणं. सुट्टी लहान म्हणून घड्याळ लावलेलं. शास्त्रीबुवांचा वेळ संपायचा आणि डाव अर्ध्यातच मरायचा. एकदा ती म्हणाली, तुमची फार दमछाक होते, राहू द्यायचं का आता? शास्त्रीबुवांना ते कसं चालणार? आठवड्यातून तेवढीच लेकीची गाठ, तीही सोंगट्यांतून. ती गाठही सुटली तर उरलं काय?

म्हणून त्यांनी लबाडी केली. आपल्या जागी आपला प्रोग्राम बसवला.

प्रोग्रामचं दुखणं मात्र धन्याचंच निघालं. आपल्या खेळीला तिचं उत्तर काय, त्यावर आपलं काय, पुन्हा तिचं काय, असं सगळं बघू दिलं की तो बिनचूक खेळायचा, पण वेळ खायचा. घाई केली की जवळचं तेवढं बघायचा आणि तोंडघशी पडायचा. दोन्ही डगरींवर हात ठेवणं काही जमेना. शेवटी त्यांनी कात्री चालवली. ज्या खेळ्या सहसा वाया जातात, त्या बघायच्याच नाहीत. पुढे गेलेली सोंगटी मागे आणायची खेळी त्यांनी सगळ्यात आधी छाटली. मग प्रोग्राम सुसाट सुटला. अधूनमधून हरायचा, पण ते बरंच होतं. सारखा जिंकला असता तर बिंग फुटलं असतं.

डाव वेळेत संपू लागले. शास्त्रीबुवांना मात्र करमेना. पूर्वी तिने प्यादं सरकवलं की ही आता काय योजत असेल, नख कुरतडत बसली असेल का, असं मनात यायचं. आता तिची खेळी यंत्राला सांगायची आणि यंत्राची तिला कळवायची. मधे ते नुसते निरोप्या. लेकीची आठवण त्यांना एरवी यायची त्याहून जास्त तिच्याशी डाव चालू असताना येऊ लागली.

एका बुधवारी तिने त्यांच्या घोड्याला कोंडीत धरलं. यंत्राने झटकन हत्ती पुढे घालायला सांगितलं. शास्त्रीबुवा थबकले. तसं केलं तर घोडा फुकट जात होता. तो जिथून आला त्या घरात परत नेला तर वाचत होता. यंत्राने ते बघितलंच नव्हतं, बघू नकोस म्हणून त्यांनीच बजावलेलं. घड्याळ पळत होतं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि घोडा स्वतःच्या हाताने मागे घेतला. तिच्या पुढच्या खेळीवर विचार करता करता वेळ संपला आणि ते हरले.

लगेच फोन वाजला.

"बाबा, आज तुम्ही खेळलात ना?"

दर वेळी मीच तर खेळतो, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण तोंडातून निघालं, "कशावरून म्हणतेस?"

"घोडा मागे नेलात. लहानपणी मी हरायला आले की तुम्ही तसंच करायचात. चांगली पुढे आलेली सोंगटी मागे न्यायचात, माझा डाव अजून थोडा चालावा म्हणून. इतके महिने तसं काही नव्हतं. नाव तुमचं दिसायचं, पण समोर कोण बसलंय तेच कळेना."

"कळेना, तर खेळत कशाला राहिलीस?"

"मी डाव बंद केला असता, तर तुम्ही परत यायचं म्हटलं तरी कुठे आला असतात?"

तिची सुट्टी संपून गेली होती. शास्त्रीबुवांना उत्तर सुचायला नेहमीसारखाच वेळ लागला, आणि ती फोन धरून थांबून राहिली.