चूपबाईच्या खोलीतली शीळ

गल्लीत तिला सगळे चूपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? तिच्या घरापाशी आलं की लोक स्कूटर बंद करून ढकलत नेत, फेरीवाला तिच्या खिडकीखालून मुका जाई आणि वरच्या बिऱ्हाडानं तर खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले होते. कोणी जरा मोठ्यानं हसलं की खिडकी उघडे, ओठांवर बोट येई आणि बाई म्हणे, "चूप!" दुसऱ्यांदा म्हणायची वेळ तिच्यावर क्वचितच आली.

यात बाईचा आगाऊपणा नव्हता हो, धंदाच तसा होता. नवरा माइकच्या कॅप्सूल बनवायचा. कॅप्सूल म्हणजे माइकचा कान. नाण्याएवढी चकती आणि तिच्यावर ताणलेला पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पडदा ताणणं हे त्याचं काम आणि तयार माइक टांगणं हे तिचं. माइक नुसता दांडीवर घट्ट बसवला तर जमिनीवरची पावलं दांडीतून वर चढतात, म्हणून त्याला कड्यात रबरी दोऱ्यांनी अधांतरी ठेवायचं. "लोकांचे जीव टांगणीला लागतात, माझं पोट टांगणीवर चालतं," असं ती म्हणे आणि स्वतःच हसे. तेही हळूच.

मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना, दुकान, सगळं. भिंतींना रजया ठोकलेल्या, दाराला रबराची पट्टी, खिडकीला दोन काचा. आत पाऊल टाकलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येई. लेकीला ती खोली लहानपणापासून आवडत नसे. ती एका कचेरीत कामाला होती. तिथं दिवसभर फोन, पंखे, माणसं, आणि तिला ते बरं वाटे. घरी यायचं तेही नाइलाजानं आल्यासारखं.

बाबा गेले ते मात्र त्या खोलीतच. स्टुलावर बसल्या बसल्या, हातात चिमटा. समोर एक जोडी तयार होऊन पडली होती, त्यांची शेवटची. एका पक्षीवाल्यानं सांगितलेली. हा गृहस्थ रानात जाऊन पाखरांचे आवाज टिपायचा, आणि पहाटेच्या रानात माइकची स्वतःची सूं जरा जरी जास्त झाली तरी लांबचं पाखरू त्यात बुडून जातं. म्हणून त्याला या घरचीच जोडी हवी होती. बाबांसारखा गप्प पडदा कोणाला ताणता येत नाही, असं तो म्हणायचा.

जोडी म्हणजे दोन माइक. एक सरळ समोर बघणारा. दुसरा त्याच्या डोक्यावर उलटा टांगलेला, नाकाला नाक लागेल इतका जवळ, पण आडवा. त्याला डावीकडचं कळतं, उजवीकडचं कळतं, नेमकं समोरचं तेवढं ऐकू येत नाही. दोघांचं ऐकलेलं एकत्र केलं की आवाज कुठून आला ते कळतं. बाबा त्यांना समोरचा आणि बाजूचा म्हणत.

कार्य वगैरे उरकलं, पाहुणे गेले, आणि चूपबाई कामाला लागली. टांगणी करायची राहिली होती. ती केली. मग परीक्षा. आणि तिथंच घोडं अडलं.

एका रविवारी दुपारी तिनं लेकीला हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

लेकीनं हेडफोन चढवला. आधी काहीच नाही. मग बारीक सूं, कॅप्सूलची स्वतःची, ती असतेच. आणि मग त्या सूंमधून, फार हळू, कोणीतरी दातांच्या फटीतून शीळ घातली. दोन सूर वर, आणि तिसरा घसरलेला.

तिनं हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि मागं वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

"बाबा," ती म्हणाली.

"चूप," आई म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

ती शीळ बाबांचीच होती. पडदा ताणताना ते घालायचे, स्वतःच्या नकळत, समोरच्या दोन दातांतल्या फटीतून. तिसरा सूर त्यांना कधी म्हणजे कधी धड लागला नाही. लेक लहान असताना त्यांनी तिला शिकवायचा किती प्रयत्न केला! तिचं नुसतं फूस व्हायचं, आणि बाबा पोट धरून हसायचे.

"कधी टिपलंस हे?" तिनं विचारलं.

"काल. आणि परवा. आणि त्याच्या आदल्या दिवशी." आईनं चष्मा पुसला. "खोलीत मी एकटी. दार बंद."

आता दुसरी कोणी बाई असती तर रडली असती, नाहीतर कोणाला तरी विचारायला गेली असती. चूपबाईनं खुर्ची ओढली आणि लेकीला हिशेब समजावून सांगितला. आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो. टांगणीतून, हवेतून, नाहीतर खुद्द कॅप्सूलमधून. टांगणीतून आला तर दोन्ही माइक हलतील, दोघांतही ऐकू येईल. ही शीळ फक्त समोरच्यात होती, बाजूच्यात तिचा मागमूस नव्हता. म्हणजे टांगणी निर्दोष सुटली.

"मग समोर काहीतरी असेल," लेक म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. "नेमकं समोर असलं की बाजूच्याला ऐकू येत नाही ना?"

"शहाणी आहेस. म्हणून मी जोडी फिरवून पाहिली. आधी दाराकडे तोंड केलं. मग कपाटाकडे. मग खिडकीकडे. तिन्ही वेळा शीळ समोरच." आईनं तीन बोटं टेबलावर एकेक करून ठेवली. "खोलीतली वस्तू अशी आपली जागा सोडून माइकच्या पुढं पुढं येते होय? नाही येत. म्हणजे ती कॅप्सूलमध्येच आहे. पडद्याला ओल लागली की तो काय वाट्टेल ते आवाज काढतो."

"शीळसुद्धा घालतो?"

आईनं टेबलावरची बोटं उचलून घेतली. मग म्हणाली, "ह्यांनी ताणताना घातली, ती आत राहिली. वेडेपणा आहे हा, मला कळतं. मी काय खुळी नाही. पण आवाज करणारा माइक या घरातून जाणार नाही. ह्यांच्या नावाला बट्टा लागेल. पुढच्या रविवारी तो पक्षीवाला येईल, त्याच्याआधी मी कॅप्सूल उघडणार."

"उघडलीस की पडदा जाईल, आई. तो पुन्हा कोण ताणणार?"

"कोणी नाही."

"मग बाबांचं शेवटचं काम मोडायचं?"

"मग काय करू?" आईचा आवाज एकदम चढला, त्या घरात कधी चढला नव्हता तितका. "रोज ऐकते मी ती! रोज वाटतं, मागं वळले तर असतील. वळते. नसतात. किती दिवस काढायचे असे? आत काय आहे ते एकदा बघू दे मला."

तो आठवडा वाईट गेला. कचेरीत लेकीचं लक्ष लागेना. घरी आली की बंद दारामागं आई असे, आणि दाराच्या पट्टीखालून इकडचं तिकडं काही येत नसे. जेवताना दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत. एकदा भांडी घासता घासता लेकीला वाटलं, मागं कोणी उभं आहे. हात ओले ठेवूनच ती थांबली. वळायचं धाडस झालं नाही. वळून कोणी नसलं तर, ही भीती मोठी होती.

शनिवारी कचेरी नव्हती. आईनं टेबलावर फडकं अंथरलं, त्यावर बारका स्क्रूड्रायव्हर, चिमटा, भिंग मांडलं. "उघडायच्या आधी शेवटचं एकदा टिपून ठेवते," ती म्हणाली. "तू तिकडे टिपायच्या यंत्रापाशी बस. हालचाल करू नकोस."

"आणि तू?"

"मी नेहमीच्या जागी. मी असले काय नि नसले काय, माइकला पत्ता लागत नाही."

यात बढाई नव्हती. जोडीच्या कड्यावर बाबांनी लाल ठिपका दिलेला असे, समोरची बाजू कुठली ते कळायला. चूपबाई आयुष्यभर त्या ठिपक्यापुढं हातभर अंतरावर उभी राहत आली होती. ती जोडी फिरवायची, ठिपक्यासमोर जायची आणि खांबासारखी थांबायची. बाबा दाराबाहेर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, खोलीत कोणी नाही.

लेकीनं हेडफोन चढवला. आई ठिपक्यापुढं उभी राहिली, लेकीकडे पाठ करून. सूं. नुसती सूं. मग ती शीळ आली, इतकी जवळ, की लेकीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. दोन सूर वर. तिसरा घसरलेला. दिव्याखाली रिकाम्या स्टुलाची सावली पडली होती, आणि लेकीनं तिच्यावरची नजर काढली नाही.

आईनं जोडी फिरवली, खिडकीकडे. वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा ठिपक्यासमोर थांबली. आता तिचं तोंड लेकीकडे होतं. टेबलावरच्या दिव्याचा उजेड नेमका तिच्या चेहऱ्यावर होता. डोळे मिटलेले, हात बाजूला.

शीळ आली तेव्हा आईचे ओठ किंचित गोल झाले होते.

लेक बघतच राहिली. दोन सूर वर. आईचा खालचा ओठ थरथरला आणि तिसरा घसरला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, झोपलेल्या माणसाच्या नसतं तसं. आईला काही माहीत नव्हतं. जो आवाज शोधायला ती जोडी खोलीभर फिरवून पाहत होती, तो प्रत्येक वेळी तिच्यासोबतच चालत गेला होता.

सांगितलं, तर आई तोंड मिटेल. ही बाई एकदा गप्प राहायचं म्हणाली की झालंच, आणि मग बाबा या घरातून पुरते जातील. नाही सांगितलं, तर समोर फडक्यावर स्क्रूड्रायव्हर होता.

"ऐकलंस?" आई जवळ आली.

"ऐकलं. आई, मला वाटतं टांगणीच. रबर सैल आहे."

"मला टांगणी शिकवतेस? टांगणीचा आवाज दोघांत येतो म्हणून सांगितलं ना." तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला. समोरच्या माइकची जाळी काढली. आतली चकती दिव्याखाली सोन्यासारखी चमकली. स्क्रूच्या खाचेत टोक बसलं.

"थांब!" लेक ओरडली. त्या खोलीत आजवर कोणी ओरडलं नव्हतं, आणि रजयांनी तो आवाज जागच्या जागी गिळला. "एकदाच. तू बाहेर बस. मीही येते. खोली रिकामी ठेवून टिपू."

आईनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, जाळी लावली आणि बाहेर गेली.

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. चहा गार झाला. मग आत जाऊन आईनं टिपलेलं ऐकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरून लेकीला कळलं, सूंखेरीज त्यात काही नव्हतं. इतका गप्प पडदा बाबांनी कधी ताणला नसेल.

आईनं हेडफोन काढला. हळूच दोन बोटं स्वतःच्या ओठांना लावली. चूप म्हणताना लावायची तशी नाही, चाचपून बघितल्यासारखी.

"मी?"

लेकीनं होकारार्थी मान हलवली.

"जन्मभर सगळ्या गल्लीला चूप म्हणत आले," आई म्हणाली आणि हसायला गेली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली, तेही आवाज न करता.

रविवारी पक्षीवाला आला. जोडीचा हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून म्हणाला, "काकू, ही म्हणजे कमाल आहे. काहीच नाही हो यात."

"हो," चूपबाई म्हणाली. "आता काहीच नाही."

त्यानंतर घर खरंच गप्प झालं. आई ओठ दाबून धरायची, काम करतानासुद्धा, जिन्यावरसुद्धा. एकदा लेकीनं तिला आरशासमोर पाहिलं. ओठ गोल करून ती फुंकत होती, आणि हवा नुसती निघून जात होती. मुद्दाम तिला जमत नव्हतं. लेक पाऊल न वाजवता मागं सरली. मीच बाबांना बाहेर काढलं, हे तिच्या मनातून जाईना.

आईची बोटं हल्ली दुखत, म्हणून लोकांच्या जुन्या माइकांच्या टांगणीचं काम लेक थोडं थोडं करू लागली होती. एका संध्याकाळी ती एकटीच खोलीत बसली होती, बाबांच्या स्टुलावर. दुसरी बसायला जागाच नव्हती. कड्यातून रबरी दोरी ओढायची, ताण बघायचा, पुन्हा ओढायची. कचेरीतलं काही डोक्यात नव्हतं. कशाचंच काही नव्हतं.

तिनं मान वर केली तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि आई उंबऱ्यावर उभी होती. डोळे मिटून. ओठ घट्ट दाबलेले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"काय गं आई? काय झालं?"

आईनं डोळे उघडले. बोट ओठांपर्यंत आलं आणि तिथून खाली गेलं.

"थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "घाल ना शीळ. तिसरा घसरू दे, ह्यांचाही घसरायचा."