बोटाखालची ओळ

त्या दिवशी राहेलने शास्त्र उघडले, डोळे मिटले आणि पानावर बोट ठेवले. बोटाखाली काय आहे ते मी वाचून दाखवले. त्यानंतर आम्ही घर सोडले नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पाळकांना नाही, भावाला नाही, आणि राहेलला — तिला तर नाहीच. गेल्या महिन्यात तिला मातीत ठेवून आलो. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कोण हे मला ठाऊक नाही. ठाऊक असते तर बहुधा सांगितले नसते. रोज लिहायला बसतो आणि भलतेच लिहितो — शाळेतल्या मुलांबद्दल, हवेबद्दल. आज तसे करायचे नाही असे ठरवले आहे. तरी बघा, मूळ गोष्टीकडे मी अजून आलेलो नाही.

राहेल माझी बायको. धारवाडला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढली. तिची बोली मराठी, पण अक्षर कानडी. आमच्या भागात याचे कोणाला नवल वाटत नाही. कानडी ती झरझर वाचायची. मराठीतले बाळबोध अक्षर मात्र तिला एकही येत नव्हते. शिकवतो म्हटले की हसायची. "मला काय आता परीक्षा द्यायचीय व्हय?" म्हणायची.

घरात शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन प्रती होत्या. कानडी तिची, बोर्डिंगातून मिळालेली. मराठी माझ्या वडिलांची. वडील मिरजेकडच्या व्यापारी घराण्यातले. हुबळीच्या पेठेत दुकान होते, ते सोडून ख्रिस्ती झाले. त्यांची एक रीत होती. कोणतीही मोठी गोष्ट करायच्या आधी 'वचन काढायचे'. म्हणजे प्रार्थना करायची, पुस्तक वाटेल तिथे उघडायचे, डोळे मिटून बोट ठेवायचे, आणि बोटाखाली येईल ते देवाचे उत्तर समजायचे. पाळकांना ही रीत पसंत नव्हती. शास्त्र म्हणजे काय कवड्या आहेत का, असे ते म्हणत. मला तर कॉलेजात गेल्यापासून त्या रीतीची लाजच वाटायची. पण राहेलने ती सासऱ्यांकडून उचलली, आणि ते गेल्यावर घरात तिनेच चालवली.

नेहमी मराठी प्रतीवर. मी एकदा विचारले होते, तुला वाचता येते ती कानडी का घेत नाहीस? ती म्हणाली, "कानडीत कुठल्या पानावर काय आहे ते मला ठाऊक असतंय. तिथं माझं बोट लबाडी करंल. मराठी अक्षर मला कळत नाही — तिथं बोट ठेवणारा देवच. वाचायला तुम्ही आहातच की."

वाचायला मी होतोच.

माझ्याबद्दल काय सांगू? मिशनच्या शाळेत मास्तर होतो, अजूनही आहे. रविवारी देवळात मराठी मंडळींसाठी पाठ वाचायचो. आवाज बरा होता, लोक वाखाणायचे. आणि माझा विश्वास गेलेला होता. कोणत्या पुस्तकांनी गेला ते लिहीत नाही, कारण दोष पुस्तकांचा नव्हता. मला ती वाचताना सुख वाटायचे — इथे शास्त्राची प्रत उतरवणाऱ्याची चूक, तिथे दोन वृत्तान्त जुळत नाहीत, हे माणसांनी लिहिले, माणसांनी शिवले. राहेल मानायची की शब्द न् शब्द देवाच्या श्वासातून आला आहे. मी तिच्या शेजारी बाकावर बसायचो आणि मनात हसायचो. तिला नाही हसायचो — असे तेव्हा स्वतःला सांगायचो. मग कोणाला हसत होतो?

हे कोणाला कळले नव्हते. कळू नये म्हणून मी फार जपायचो.

त्या वर्षी पेठेत उंदीर मरून पडू लागले. तुम्ही ते दिवस पाहिले असतील तर पुढचे सांगायला नको. उंदीर पडले की घरे सोडायची, गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे, गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओसरला की परत यायचे. आमच्या ख्रिस्ती मंडळीने अमरगोळच्या बाजूला जागा धरली. एका ओळीत झोपड्या, मध्ये मोकळी जागा, तिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. लस टोचायला डॉक्टरही तिथेच येणार होता. पाळक घरी येऊन म्हणाले, "मास्तर, दोन्ही वेळचं वाचन तुमच्याकडं. संकटात लोकांना वचनाचा आधार पाहिजे. तुमच्यासारखं कोण वाचणार?"

मी होकार दिला. ते गेल्यावर कळले, काय कबूल करून बसलो ते. आठवड्यातून एकदा बाकावर बसणे निराळे. इथे एका कुडाच्या भिंतीआड सगळे; मी प्रार्थना करतो की नाही, गुडघे टेकून काय पुटपुटतो, सगळे दिसणार. मरणाला भ्यालेल्या माणसांपुढे उभे राहून, मला खोटे वाटते ते रोज दोनदा वाचायचे. एखाद्या दिवशी आवाज फाटेल आणि सगळ्यांना कळेल. ती भीती होती. आणि — हेही लिहायलाच हवे — घरात माझे टेबल होते, दिवा होता, अर्धे राहिलेले पुस्तक होते. आमच्या गल्लीत अजून एकच उंदीर सापडला होता. तोही मांजराने मारला असेल, असे मी म्हणालो.

शेजारच्या गंगाक्काने ते ऐकले. तिची माणसेही मिरजेकडचीच, पेठेत कापडाचे दुकान. गाडीत भांडी चढवत होती. "अय्यो मास्तर, मांजराला विचारून आलात काय? का तुमच्या देवानं उंदरांनाच सांगून ठेवलंय, ह्या दारात पडू नका म्हणून?" मग राहेलकडे वळून म्हणाली, "ह्यांचं राहू दे बाई. तू बांध गाठोडं."

राहेल म्हणाली, "मी वचन काढते अक्का. तो सांगंल तसं."

आमची मुलगी एस्तेर, आम्ही तिला एस्तू म्हणायचो. ती गंगाक्काच्या गाडीत चढून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

आता ते.

राहेलने डोके पदराने झाकले. प्रार्थना केली, मनातल्या मनात, ओठ हलत होते. पुस्तक उघडले. बोट ठेवले. मी वाकून पाहिले. अगदी सुरुवातीच्या भागातले पान होते. ओळीत एका माणसाला सांगितले होते की बायकोला आणि मुलींना घे आणि या गावातून बाहेर पड, नाहीतर गावाबरोबर तुमचाही नाश होईल. बोटाच्या टोकाखाली 'मुली' हा शब्द अर्धा झाकला होता. मी तो पाहिला. नीट पाहिला. उजेड भरपूर होता.

आणि मी वाचले — "आपल्या दारात शांत राहा, तुमच्या उंबरठ्याची राखण मी करीन."

असे वाक्य त्या पानावर नाही. कुठल्याच पानावर नाही. ते मी केले. किती सहज झाले ते, हे तुम्हाला कसे सांगू? शास्त्राची भाषा लहानपणापासून कानांत होती, जुळवायला वेळच लागला नाही. वाचताना आवाजही चांगला लागला. राहेलने डोळे उघडले, तेव्हा ते भरून आले होते. ती पुस्तकाच्या पाया पडली.

गंगाक्का अजून दारात होती. ती म्हणाली, "बरं, तुम्ही राहा. पोरीला तरी द्या माझ्यासंगं. बसलीय बघा कशी राणीसारखी." राहेल म्हणाली, "नको अक्का. देवानं राहा म्हटलंय. अर्धं ऐकायचं आणि अर्धं नाही, असं कसं?" तिने एस्तूला गाडीतून उतरवून घेतले. एस्तू रडली. मी तिथेच उभा होतो, पुस्तक हातात, बोट अजून त्या पानात. तेव्हा बोललो असतो तरी चालले असते. वाचण्यात चूक झाली, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मास्तरांच्या चुका होत नाहीत का? गाडी हलली. मी आत जाऊन टेबलाशी बसलो.

एस्तूच्या काखेत गाठ आली. पुढचे मी लिहीत नाही.

राहेलने देवाला दोष दिला नाही. मला वाटले होते, देईल. तिने पुस्तक फेकले असते तर मला — काय झाले असते? सुटल्यासारखे वाटले असते का? तिने फेकले नाही. बायकांच्या सभेत उभी राहून ती साक्ष द्यायची: देवाने आम्हाला राहा म्हटले, आम्ही राहिलो, त्याने मुलगी नेली. एकदा कोणीतरी विचारले, मग राखण कुठे केली? ती म्हणाली, "ते त्याला ठाऊक. तो खोटं बोलत नाही." हे मी खिडकीबाहेरून ऐकले. त्याच्यासाठी तिने आपल्याच मनाशी किती झगडा केला असेल! आणि ते शब्द त्याचे नव्हते.

आता माझे काय झाले ते. मी मानत होतो की पुस्तक माणसांचे. मग बोट कुठेही पडले असते. हजार पानांतून त्या एका ओळीवरच का पडले? योगायोग म्हणा. मीही म्हणालो, पुष्कळ दिवस म्हणत राहिलो. पण ज्याच्या घरात असे घडले आहे त्याने ते म्हणून पाहावे. गावात मरी, घरात एक बायको, एक मुलगी, जायला तयार नसलेला एक पुरुष — आणि नेमके तेच पानावर. पानावरच्या त्या माणसाचेही पाऊल निघत नव्हते, असे पुढे लिहिले आहे. त्याला हात धरून बाहेर काढावे लागले. आमचा हात धरायला जे वचन आले होते, त्याचा मी आवाज बदलला.

माझा विश्वास परत आला तो असा. दुसऱ्यांना तो आनंदाने मिळतो असे ऐकतो. मला कळले की ते पुस्तक बोलते, आणि बोलले तेव्हा मी मध्ये उभा होतो. माझी सगळी विद्वत्ता त्या ओळीवर येऊन थांबली आणि मग पुढे कधी गेली नाही. हे पाळकांना सांगितले असते तर त्यांनी क्षमेचे वचन दाखवले असते. ते वचन मला पाठ आहे. ते खरे आहे हेही मी मानतो. पण ते माझ्यासाठी आहे असे वाचायला गेलो की वाटते, पुन्हा मी सोयीचे वाचतो आहे. कोणावर विश्वास ठेवू? पुस्तकावर आहे. वाचणाऱ्यावर नाही.

राहेल ते वाक्य कानडीत शोधायची. पहिल्या वर्षी नाही, पुढे. दुपारी भांडी आवरली की कानडी प्रत मांडीवर घ्यायची आणि ओळीवरून बोट फिरवत जायची. "सगळं वाचलं हो," एकदा म्हणाली, "उंबरठ्याची राखण कुठंच मिळत नाही. मराठीत देव जास्त बोललाय काय?" मी म्हणालो, भाषांतरात फरक पडतो. ती म्हणाली, "मग माझंच नीट वाचून होत नसंल," आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. अशी किती वर्षे गेली! मला एवढेच म्हणायचे होते: राहेल, शोधू नकोस. तेही मी म्हणालो नाही.

शेवटच्या आजारात तिची नजर गेली. मग ती वाचायला सांगायची आणि मी वाचायचो — तेव्हा मात्र एक काना इकडचा तिकडे केला नाही. याचा काही उपयोग नव्हता. एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो. ती जरा हसून म्हणाली, "तुम्हालाही ते वचन परत सापडलं नाही ना? राहू दे. आता त्यालाच विचारते."

माझ्या हातात चमचा होता. सांगायला वेळ होता, सकाळ होती, घरात दुसरे कोणी नव्हते. मी तिचे तोंड पुसले.

शास्त्र खरे असेल तर तिने विचारले असेल आणि तिला कळले असेल. एस्तूही तिथेच असेल. शास्त्र खोटे असेल तर त्या दोघी कुठेच नाहीत. यातले दुसरे मला मानता येत नाही, आणि पहिले मानले की मला उभे राहवत नाही.

राहेल गेल्यापासून घरात मी एकटा आहे. शाळेत जातो, रविवारी देवळात पाठ वाचतो. शास्त्र देवाने बोललेले आहे असे मी मानतो. प्रार्थना मला करता येत नाही.